नव्या सदस्याची पहिली पोस्ट का अडते?

“भाऊ, पोस्ट टाकून दोन घंटे झाले, दिसून काऊन नाही राहिली?”

संत्रा बागायतदारांच्या एका फेसबुक ग्रुपचं काम आम्ही चारपाच जण नागपुरातून पाहतो, आणि पावसाळ्यात हा प्रश्न इनबॉक्समध्ये हटकून येतो. विचारणारा काटोल-नरखेडचा, कळमेश्वरचा, नाहीतर पलीकडच्या वरूड-मोर्शीचा. बागेत झाडाखाली फळांचा सडा पडलेला असतो, जीव वर-खाली होत असतो, आणि इकडे फोनवर “तुमची पोस्ट मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे” एवढंच दिसतं. असा माणूस चिडणारच.

आमचं उत्तर ठरलेलं आहे. नव्या सदस्याच्या पहिल्या दोन पोस्ट आम्ही वाचून मगच सोडतो. तिसरीपासून थेट. एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. “म्हणजे आम्ही चोर आहो का?” हा पुढचा प्रश्न तयार असतो. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर स्पॅम, म्हणजे न मागता घाऊक जाहिराती पाठवण्याचा धंदा चालतो कसा, इथपासून सुरुवात करावी लागते.

रांगेत काय काय येतं

मंजुरीच्या रांगेत कोण कोण उभं असतं ते आधी पाहू. ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी तीन पोस्ट अडकलेल्या असतात असं समजा.

पहिली: घरबसल्या मोबाईलवर काम, रोजची कमाई पाच हजार, खालच्या टेलिग्राम लिंकवर या. खाली गुलाबाची फुलं. हिच्यावर डोकं खाजवायची गरज नाही, कचऱ्यात.

दुसरी अशी: “नमस्कार शेतकरी बांधवांनो. माझ्या बागेत खूप फळगळ होती. खूप औषधं मारली, फरक पडला नाही. मग एका मित्रानं एक सेंद्रिय टॉनिक सांगितलं. एकाच फवारणीत फळगळ शंभर टक्के थांबली. कुणाला माहिती हवी असेल तर कमेंटमध्ये ‘हो’ लिहा.” सोबत पिवळ्याधमक संत्र्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो. लिंक नाही, नंबर नाही, भाषा सभ्य.

तिसरी: “फळ गळून राहिलं खूप. काय मारू. अर्जंट फोन करा,” आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. फोटो अंधुक, विरामचिन्हांचा पत्ता नाही, आणि सोबत कुठल्याशा हवामानाच्या पानाची लिंक चिकटवलेली.

स्पॅम गाळणाऱ्या यंत्राला विचारलं तर ते दुसरी पोस्ट सोडेल आणि तिसरी अडवेल. नंबर आहे, लिंक आहे, “अर्जंट” आहे, खातं नवं आहे, म्हणजे स्पॅमची सगळी लक्षणं जुळतात. प्रत्यक्षात तिसरा माणूस खरा शेतकरी आहे आणि दुसरा टॉनिक विकणारा.

हे कशावरून? ऑगस्टमध्ये बागेत आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची फळं असतात, ती हिरवी. त्यांना रंग यायला अजून अवकाश असतो. पिवळ्याधमक फळांचा फोटो “आत्ताच फळगळ थांबली” म्हणून टाकणारा माणूस त्या महिन्यात बागेत गेलेलाच नाही. शिवाय फळगळ ही एका कारणानं होत नाही. पाऊस लागून राहिला, पाणी साचलं, मुळांना हवा मिळेना, तर फळ गळतं. बुरशीची तपकिरी कूज लागली तर गळतं. रात्री येणाऱ्या पतंगानं फळाला सोंड खुपसून रस ओढला तरी गळतं. झाडाला अन्नद्रव्यं कमी पडली तरी तेच. तेव्हा पहिला प्रश्न असा येतो, की गळलेल्या फळावर बारीक छिद्र आहे का, की देठाकडून डाग पसरलाय? खरा बागायतदार हे सांगतो, किंवा विचारल्यावर लगेच बघून येतो. विकणाऱ्याच्या पोस्टमध्ये बागेचं वय नसतं, जमीन भारी की हलकी ते नसतं, पाण्याचा निचरा नसतो. असतो फक्त निकाल, तोही शंभर टक्के.

ही खूण संत्र्यापुरती नाही. स्पॅमचा मजकूर शंभर ठिकाणी चिकटवायचा असतो, त्यामुळे त्यात कुठल्याच एका ठिकाणची माती नसते. मोबाईल दुरुस्तीच्या ग्रुपवर असो की एमपीएससीच्या पोरांच्या ग्रुपवर, अनुभवी अ‍ॅडमिन नेमकी हीच उणीव हुंगत असतो.

सव्वा कोटीमागे एक गिऱ्हाईक

आता मुळावर येऊ. हे लोक थकत कसे नाहीत?

३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्यानं आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना एका झटक्यात पाठवली. न मागता आलेली घाऊक जाहिरात म्हणून पहिलं नाव त्याचंच घेतात. लोक संतापले, पण कंपनीला गिऱ्हाइकं मिळाली. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका वकील जोडप्यानं ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटवरच्या हजारो चर्चागटांत टाकली. पुन्हा संताप, पुन्हा धंदा. शिव्या देणारे हजार असले तरी फसणारे दहा पुरतात, हे गणित तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं.

किती पुरतात, हे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून त्यांनी पाहिलं, की औषधांच्या जाहिरातीचे जवळपास ३५ कोटी ई-मेल गेले तेव्हा विक्रीपर्यंत पोचलेली गिऱ्हाइकं निघाली २८. म्हणजे सव्वा कोटी मेलमागे साधारण एक. इटवारीतल्या कुठल्याही दुकानदारानं या हिशेबावर शटर ओढलं असतं. पण मेल पाठवायला खर्चच जवळपास शून्य असेल, तर सव्वा कोटी लोकांना त्रास देऊन एक गिऱ्हाईक मिळवणंही परवडतं. त्रासाची किंमत पाठवणारा मोजत नाही, वाचणारा मोजतो.

सगळी मेख इथं आहे. एकेक स्पॅमर शोधून हाकलण्यानं हा धंदा बंद पडत नाही. एकाला हाकललं की तो पाच मिनिटांत दुसऱ्या नावानं येतो. बंद पाडायचा असेल तर त्याला खर्चात पाडावं लागतं.

हा विचार जुना आहे. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संशोधकांनी १९९२ मध्येच सुचवलं होतं, की मेल पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडं गणित सोडवायला लावा. एका मेलला ते जाणवणार नाही, कोटी मेलना कंबरडं मोडेल. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅक यांनी ‘हॅशकॅश’ नावानं तसंच काहीसं करून दाखवलं. (पुढे हीच युक्ती बिटकॉइनच्या पायात गेली, पण तो वेगळाच बाजार.) मग आली, समोर यंत्र नाही माणूस आहे हे पडताळायला, वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी, ट्रॅफिक सिग्नलच्या चित्रांवर टिचक्या मारायला लावणारी कॅप्चा. तिच्यावर स्पॅमवाल्यांनी उपाय शोधला तो यंत्राचा नाही, माणसांचा. गरीब देशांतली माणसं बसवून ती कोडी सोडवून घ्यायची. हजार कोड्यांचा भाव एका डॉलरच्या आसपास उतरल्याचं २०१० च्या एका अभ्यासात नोंदलंय. कुलूप मजबूत होतं, पण किल्ली करून देणाराच स्वस्त निघाला.

मग नव्यांच्याच मागे का?

कारण नवं खातं स्वस्तात मिळतं, जुनी ओळख तशी मिळत नाही.

कळमन्याच्या बाजारात नवा खरेदीदार आला तर अडत्या पहिल्या दिवशी त्याला उधारीवर माल देत नाही. रोख मोज आणि गाडी भर. हा बदमाश आहे असं अडत्याला वाटतं म्हणून नव्हे, तर पळून जाण्यात या माणसाचं नुकसान काय हे त्याला ठाऊक नसतं म्हणून. चार हंगाम व्यवहार केलेल्याचं बाजारातलं नाव हेच त्याचं तारण.

इंटरनेटवर हेच निरनिराळ्या रीतीनं केलं जातं. इंग्रजी विकिपीडियावर खातं किमान चार दिवस जुनं आणि किमान दहा संपादनं झालेली असतील तरच अर्ध-सुरक्षित, म्हणजे खोडसाळपणापासून जपलेल्या पानांवर थेट लिहिता येतं. बाकी बहुतेक पानं पहिल्या मिनिटापासून उघडी असतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न-उत्तर पहिल्याच दिवशी लिहिता येतं, पण दुसऱ्याच्या लिखाणाखाली शेरा मारायला पन्नास गुण कमवावे लागतात, कारण जाहिरात चिकटवायला शेऱ्याइतकी सोपी जागा नाही. आपल्या एसएमएसचंही तसंच. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनंतर घाऊक संदेश पाठवणाऱ्या कंपनीला आपलं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. सगळीकडे तत्त्व एकच: तोंड उघडायला बंदी नाही, पण लाउडस्पीकर हातात यायला वेळ लागेल.

नव्यांनाच तपासण्यामागं आणखी एक कारण आहे, ते निव्वळ आकडेमोडीचं. समजा तुमच्याकडे बऱ्यापैकी हुशार गाळणी आहे. दहापैकी नऊ स्पॅम ती पकडते आणि दहा चांगल्या पोस्टपैकी एक चुकून अडवते. आता नव्या सदस्यांच्या शंभर पोस्ट आल्या आणि त्यात पन्नास स्पॅम निघाले, तर गाळणी पंचेचाळीस स्पॅम धरेल आणि पाच निरपराध. सौदा बरा आहे. हीच गाळणी जुन्या, रुळलेल्या सदस्यांवर लावा. त्यांच्या हजार पोस्टमध्ये स्पॅम एखादाच. तो एक पकडण्यासाठी गाळणी जवळपास शंभर चांगल्या पोस्ट अडवून बसेल. यंत्र तेच, हुशारी तेवढीच, पण एका ठिकाणी कामाचं आणि दुसऱ्या ठिकाणी उपद्रवी. बँकेपासून विमानतळापर्यंत “सगळ्यांनाच तपासा ना” म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं.

यंत्राला मराठी कुठं येतं?

२००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं एक सोपी कल्पना लोकप्रिय केली. आलेल्या स्पॅममध्ये कुठले शब्द किती वेळा येतात, चांगल्या मेलमध्ये किती वेळा, हे मोजायचं आणि नव्या मेलमधल्या शब्दांच्या वजनावरून अंदाज बांधायचा. पाया अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या नियमाचा. ही पद्धत इंग्रजी मेलवर कमालीची चालली.

आमच्या ग्रुपवर तिची दमछाक होते. “फवारणी” हा एक शब्द आमच्याकडे फवारनी, फवारणि, रोमन लिपीत तीन तऱ्हांनी, आणि नुसतं “मारणं” म्हणूनही येतो. नंबर कधी इंग्रजी आकड्यांत, कधी मराठी आकड्यांत, आणि चलाख माणूस असेल तर “नऊ आठ दोन” असा अक्षरांत. जाहिरातीचा सगळा मजकूर फोटोत असला तर शब्द मोजणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. व्हिडिओमध्ये कुणी मिठ्ठास वऱ्हाडी बोलत टॉनिक विकत असेल तर विचारूच नका. अलीकडची यंत्रं फोटोतलं वाचतात, बोललेलं ऐकतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. तरी पिवळं फळ ऑगस्टमध्ये कसं, हा प्रश्न आमच्यातल्या निवृत्त कृषी अधिकारी काकांनाच पडतो. ते सकाळी चहा घेताना रांग पाहतात आणि चष्मा न लावता अर्धी रांग उडवतात. उरलेल्या अर्धीसाठी चष्मा लागतो.

आणि समोरचेही शिकतात. नवं खातं काढायचं, “खूप छान माहिती दिली सर” अशा निरुपद्रवी दोन पोस्ट मंजूर करून घ्यायच्या, महिनाभर गप्प बसायचं, मग एका रात्री लिंकांचा पाऊस. किंवा साधी पोस्ट मंजूर झाली की संपादन करून तिच्यात जाहिरात घालायची. हा दुसरा डाव जास्त बेरका, कारण मंजुरीचा शिक्का आमचा आणि माल त्याचा. म्हणून बदललेली पोस्ट पुन्हा रांगेत यावी अशी सोय असेल तिथं ती चालू ठेवलेली बरी. “छान माहिती” म्हणणाऱ्यांना आम्ही मोजणीत धरत नाही. पहिल्या दोन पोस्ट म्हणजे काहीतरी विचारलेल्या किंवा सांगितलेल्या.

रांगेचं बिल कोण भरतं

इथवर वाचून रांग ही फारच शहाणी सोय वाटेल. तिची किंमत असते, आणि ती स्पॅमर भरत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरू लागली. का, याचा शोध घेणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की खोडसाळांना आवरण्यासाठी उभारलेली यंत्रणाच चांगल्या हेतूनं आलेल्या नवख्यांनाही फटकारत होती. पहिलंच लिखाण खोडलं गेलेले लोक परत येत नव्हते. जुने हळूहळू थकतात, नवे टिकत नाहीत, मग उरतं कोण?

शेतीच्या ग्रुपवर तर वेळ हाच जीव. तपकिरी कूज लागलेल्या बागेत गळलेली फळं लगेच वेचून बाहेर नेऊन नष्ट करायला हवीत, हा सल्ला दोन दिवसांनी मिळून काय कामाचा? माझं मत स्पष्ट आहे. जिथं रांग पाहायला माणूस नाही तिथं रांग ठेवू नये. चार स्पॅम दिसले तरी चालतील, पण खऱ्या माणसाची पोस्ट तीन दिवस अंधारात सडता कामा नये. काही ठिकाणी पोस्ट गुपचूप लपवण्याची पद्धत आहे: लिहिणाऱ्याला ती दिसते, बाकी कुणालाच नाही. स्पॅमरला उल्लू बनवायला ठीक, पण त्यात एखादा खरा माणूस सापडला तर तो बिचारा उत्तराची वाट पाहत बसतो आणि शेवटी लोकांनाच नावं ठेवतो. आम्ही ते करत नाही. अडली असेल तर अडली म्हणून सांगतो, नाकारली तर एका ओळीत कारण देतो. यात वेळ जातो. तो फुकटचा असतो, घरच्यांच्या शिव्या खाऊन काढलेला.

कायद्याचं थोडक्यात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनवरचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठासमोर आला होता. सदस्यानं आक्षेपार्ह लिहिलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसायला हवं, असं खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये म्हटलं. त्यामागचं एक कारण असं दिलं, की अशा ग्रुपचा अ‍ॅडमिन माणसं घेऊ किंवा काढू शकतो, मजकूर आधीच तपासून रोखण्याची ताकद त्याच्याकडे नसते. रांग ठेवणाऱ्याकडे ती ताकद असते, हा फरक आमच्यातल्या वकील ताईंनी पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवला. त्यामुळे कुणाचं नाव घेऊन केलेली बदनामी किंवा जातीधर्मावरून भडकवणारं काही रांगेत दिसलं की ते “बघू नंतर” म्हणून ठेवत नाही. तिथल्या तिथं नाकारतो.

तुमची पोस्ट लवकर सुटावी म्हणून

संत्र्याबद्दल विचारत असाल तर एवढं लिहा: बहार आंबिया की मृग, झाडं किती वर्षांची, जमीन कशी, पाणी साचतं का, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. गळलेलं एक फळ तळहातावर घेऊन देठाकडचा फोटो, आणि झाडाच्या खोडाचा एक, डिंक दिसत असेल तर जवळून. फोन नंबर पोस्टमध्ये नको. तो टाकला की उत्तर देणाऱ्यांच्या आधी विकणारेच फोन करतात. “दादा तुमच्या बागेसाठी खास ऑफर” असं ऐकायला आलं तर समजा, ते इथूनच उचललेलं आहे. लिंक चिकटवायचीच असेल तर ती कशाची आहे हे एका वाक्यात सांगा.

आम्ही रांग सकाळी आणि रात्री जेवणानंतर पाहतो. मध्ये घाई असेल तर अ‍ॅडमिनला मेसेज टाका, कुणीही रागावणार नाही. पोस्ट नाकारली गेली आणि कारण पटलं नाही तर भांडा. आमच्या हातून चांगली पोस्ट अडली की ती सोडवून घ्यायचा तोच मार्ग आहे.

आणि एखाद्या पोस्टवर विश्वास ठेवून कुठं आगाऊ पैसे भरून बसला असाल, तर ग्रुपवर “असं कुणाला झालं का” विचारत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ आणि त्या पोस्टचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. पोस्ट आम्ही उडवली तरी तो स्क्रीनशॉट तुमच्याकडे राहील.